धोब्यावर बसलेली बाई : एडवर्ड लिअरचे जलरंग आणि त्याचे शब्द

आडवाट (धागाकर्ता)

१८७४ च्या जुलै महिन्यात मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त एक इंग्रजी कविता छापून आली. तिच्या आरंभी एक बाई आपल्या धोब्यावर बसून सायंतारा पाहते आहे, आणि जवळून जाणारे पंखे 'काय देखणी आहेस ग!' असे तिला म्हणत आहेत. तिच्या घराभोवती उंच खानसामे वाढलेले आहेत, निळ्या चौक्यांवरून खिदमतगारांच्या वेली लोंबत आहेत, खालच्या नदीत सोनेरी परांचे चपराशी पोहत आहेत, झाडांच्या शेंड्यांवर हिरव्या आया एकेकट्या बसल्या आहेत आणि रात्रभर मसक (पाण्याची पखाल) विव्हळते आहे. मग 'कमरबंद आला!' अशी एकच ओरड होते आणि जबडा वासून आलेला तो कमरबंद बाईला गिळून टाकतो. लोक तिचा धोबी भिंतीला खिळे ठोकून लावतात आणि त्याच्याखाली पिवळ्या, निळ्या व हिरव्या अक्षरांत इशारा लिहितात, की सुंदर बायांनो, रात्री उशिरापर्यंत बाहेर बसू नका.

ही कविता एडवर्ड लिअरची. त्या वेळी तो ६२ वर्षांचा होता, व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकच्या निमंत्रणावरून चित्रे काढण्यासाठी हिंदुस्थानात आलेला होता, आणि पावसाळ्यामुळे प्रवास थांबवून त्याने पुण्यात मुक्काम केला होता. घुबड आणि मांजरी हिरव्यागार होडीतून समुद्रावर जातात ती कविता इंग्रजी शाळांत शिकलेल्या बहुतेकांना आठवत असेल. तिचा कर्ता पोटासाठी निसर्गचित्रे काढणारा माणूस होता हे मात्र मलाही बऱ्याच उशिरा कळले. त्याचा सगळा जन्म इटली, ग्रीस, अल्बेनिया, इजिप्त, पॅलेस्टाइन, कॉर्सिका अशा ठिकाणी डोंगर आणि भग्नावशेष चितारण्यात गेला. कविता हा त्याचा रिकाम्या वेळचा उद्योग होता, निदान त्याची स्वतःची तशी समजूत होती.

त्याच्या चित्र काढण्याच्या पद्धतीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण माझे सगळे म्हणणे तिच्यावर उभे आहे. लिअर जागेवर बसून शिसपेन्सिलीने भराभर रेखाटन करी. त्यावर स्थळाचे नाव, तारीख, बहुधा वेळसुद्धा, आणि त्या प्रवासातला अनुक्रमांक टाकी. मग रेषांच्या मधोमध, जिथे जो रंग दिसत असेल तिथे, तो रंग शब्दांनी लिहून ठेवी : इथे फिकट जांभळे, इथे गवत, इथे सगळे सावलीत. खडक आला की खडकांसाठी असलेल्या इंग्रजी शब्दाची शेवटची तीन अक्षरे काढून त्यांच्या जागी तो एक 'एक्स' ठेवून देई. पुढे सवड मिळाली की पेन्सिलीच्या रेषांवरून सेपिया शाईने टाक फिरवी, ते लिहिलेले शब्दसुद्धा शाईने पक्के करी, आणि शेवटी त्या शब्दांच्या सांगण्यावरून जलरंगाचे वॉश, म्हणजे पाण्यात कालवलेल्या रंगाचे पातळ थर, देई. शब्द खोडत नसे. त्यामुळे आज ती चित्रे पाहताना टेकडीच्या उतारावर निळा वॉश आणि त्या निळ्याच्या आत 'निळे' असे लिहिलेले, दोन्ही एकदम दिसते.

आता ती कविता पुन्हा वाचून पाहावी. निळ्या चौक्या, सोनेरी पर, हिरव्या आया, पुढे जांभळे नाले आणि रुपेरी घोडेवाले, आणि वेळ संध्याकाळची. माझ्या मते हे लिअरच्या रेखाटनावरचे रंगांचे टिपणच आहे. रंग, वेळ, जवळचे झाड, खालची नदी, लांबची उंच झाडे हे सारे निसर्गचित्राच्या शिस्तीत जिथल्या तिथे आहे. नामे तेवढी बदलली आहेत. चित्रकाराने नजरेने पाहिलेल्या जागेत प्रवाशाने कानाने ऐकलेले शब्द भरले आहेत.

इंग्रज वाचकाला त्यात नुसता नाद ऐकू येतो. आपल्याला मात्र प्रत्येक शब्दाचा अर्थ ठाऊक आहे, आणि त्यामुळे ही कविता आपल्याइतकी विचित्र दुसऱ्या कोणालाच दिसत नसावी. 'निमक गुणगुणत होते' हे वाचून मला स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आठवली. या कवितेबद्दल आणि त्याच्या चित्रांबद्दल जाणकारांनी लिहावे, म्हणून हा धागा.

सायंतारा

धागा आवडला. लिअरच्या आयुष्याबद्दल थोडी भर घालते, कारण त्याच्या विनोदामागचे दुखणे ठाऊक असले की ती चित्रेही निराळी दिसू लागतात.

१२ मे १८१२ रोजी लंडनच्या हॉलोवे भागात त्याचा जन्म झाला. आईवडिलांच्या वीस-एकवीस अपत्यांतला तो शेवटून दुसरा. वडील शेअर दलाल होते आणि पैशाच्या अडचणीत आले होते. लिअरला वाढवले ते त्याच्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या असलेल्या ॲन या बहिणीने. पाच-सहा वर्षांचा असल्यापासून त्याला फेफरे येत. त्या काळी ही लाजेची गोष्ट मानली जाई, म्हणून त्याने ती जन्मभर लपवली. रोजनिशीत झटक्याच्या दिवशी तो फक्त फुलीची खूण करी. फेफऱ्याला त्याने 'राक्षस' असे नाव ठेवले होते, आणि अधूनमधून येणाऱ्या खिन्नतेलाही एक खास घरगुती नाव होते. झटका येणार हे त्याला आधी जाणवे आणि तो चारचौघांतून उठून जाई. जो माणूस कोणाच्याही घरी फार दिवस राहिला नाही, सतत फिरत राहिला, त्याच्या फिरण्यामागे हे एक कारण असावे असे मला वाटते.

पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून तो चित्रे विकून पोट भरू लागला. १८३० मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, त्याने लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या जिवंत पोपटांची चित्रे काढून ती शिळाछापावर छापायला सुरुवात केली. पेंढा भरलेले पक्षी समोर ठेवून चित्र काढण्याचा तो काळ होता. हा मुलगा पिंजऱ्यात शिरून पोपटाचे पंख मोजत बसे. १८३२ पर्यंत ४२ चित्रे निघाली आणि पैसे संपल्यामुळे काम थांबले. एका निळ्या मकाव पोपटाला पुढे त्याचे नाव मिळाले. त्या चित्रांमुळे लॉर्ड डर्बीच्या घराण्याने त्याला लिव्हरपूलजवळच्या नोझली येथील आपल्या खाजगी प्राणिसंग्रहासाठी नेमले, आणि तिथल्या मुलांना हसवण्यासाठी त्याने पाच ओळींच्या त्या तऱ्हेवाईक म्हाताऱ्यांच्या कविता रचल्या. आज त्यांना आपण लिमरिक म्हणतो, पण लिअरने स्वतः तो शब्द वापरलेला नाही. मराठीत त्यांच्या जवळची म्हणजे वात्रटिका. आपल्या वात्रटिकेची शेवटची ओळ टोला मारते. लिअरची शेवटची ओळ बहुतेक वेळा पहिल्याच ओळीच्या शब्दावर परत येऊन मुकाट बसते. टोला त्याला नकोच असतो. नवख्या वाचकाला त्याचे लिमरिक फसल्यासारखे वाटते ते यामुळे.

बारीक कामाने डोळे बिघडू लागले म्हणून त्याने पक्षी सोडले आणि १८३७ मध्ये, डर्बीच्याच मदतीने, तो रोमला गेला. त्याची निसर्गचित्रे तिथून सुरू होतात. पुढे १८४६ या एकाच वर्षात त्याचे पहिले कवितांचे पुस्तक टोपणनावाने निघाले आणि खुद्द राणी व्हिक्टोरियाला त्याने चित्रकलेचे बारा धडे दिले.

जुनी दप्तरे

धागाकर्त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे, परंतु त्यात एक बाजू राहून गेली आहे असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

त्या कवितेतले शब्द पुन्हा मोजावेत. धोबी, खानसामा, खिदमतगार, चपराशी, आया, भिस्ती, घोडेवाला : यांतले प्रत्येक नाम साहेबाच्या बंगल्यावर राबणाऱ्या माणसाचे आहे. उरलेले बहुतेक शब्द पंखा, मसक, जंपान ही डोंगरी पालखी, चौकी, कमरबंद असे, म्हणजे त्याच माणसांच्या हातांतल्या, खांद्यांवरच्या आणि अंगावरच्या वस्तूंचे आहेत. सहा-सात महिने हिंदुस्थानभर फिरलेल्या कवीच्या कानांवर एवढीच भाषा पडली, हे मला त्या विनोदापेक्षा महत्त्वाचे वाटते. बाई धोब्यावर बसली आहे हे दृश्य त्या काळच्या मुंबईतल्या गोऱ्या वाचकाला निव्वळ गंमत वाटले असेल. आपल्याला ते वस्तुस्थितीचे अचूक वर्णन वाटू शकते.

आणि १८७४ चे पुणे म्हणजे मुके गाव नव्हते. सप्टेंबर १८७३ मध्ये जोतीरावांनी तिथे सत्यशोधक समाज स्थापन केला होता, सार्वजनिक सभेचे काम चालू होते, आणि जानेवारी १८७४ पासून विष्णुशास्त्र्यांची निबंधमाला निघू लागली होती. लिअर ज्या पावसाळ्यात 'मसक विव्हळते' असे गमतीने लिहितो, त्याच पावसाळ्यात त्याच गावात मराठी गद्य कसे असावे याची चर्चा रंगली होती. ही दोन जगे एकमेकांना दिसलीच नाहीत.

त्याचा यजमान नॉर्थब्रुक त्याच महिन्यांत बिहारच्या दुष्काळाशी झुंजत होता. ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून त्याने लोक जगवले, आणि त्यासाठी खर्च फार केला म्हणून टीकाही सोसली. लिअर जानेवारी १८७५ मध्ये मुंबईहून परत गेला आणि मे महिन्याच्या १२ तारखेला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांची दप्तरे जाळली गेली. निसर्गचित्रात हे यावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल हे मला मान्य आहे. तरीही त्याच्या चित्रांत माणसे इतकी लहान का असतात, हा प्रश्न मला पडतो.

आडवाट (धागाकर्ता)

जुनी दप्तरे, आपला आक्षेप मी मान्य करतो. शब्दांची ही यादी मी नुसत्या रंगांकडे पाहून मांडली होती आणि ती नोकरांची यादी आहे हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

माणसांच्या आकाराबद्दल मात्र थोडे वेगळे म्हणतो. लिअरला मानवाकृती जमत नसे, आणि तो ते लपवत नसे. शिस्तीचे शिक्षण त्याला मिळालेच नव्हते. १८५० मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, तो रॉयल ॲकॅडमीच्या शाळेत पोरसवदा विद्यार्थ्यांच्या पंक्तीत जाऊन बसला, आणि १८५२ मध्ये आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेल्या होल्मन हंट या चित्रकाराकडे तैलरंग शिकायला राहिला. इतके करूनही माणूस त्याच्या हाताला वळला नाही. पण कवितांच्या सोबतीला काढलेल्या रेखाचित्रांत माणसे पानभर मोठी आहेत, नाके लांब आहेत, पाय पक्ष्यांसारखे आहेत, आणि ती विलक्षण जिवंत आहेत. डोंगरापुढे तो माणसाला लहान करी आणि पांढऱ्या कागदावर त्याला मोठा करी. यात इंग्रज-नेटिव असा भेद मला दिसत नाही. ग्रीसमधले धनगर आणि इटलीतले शेतकरी त्याच्या चित्रांत तितकेच लहान आहेत.

ज्या एका माणसाच्या सोबतीने हा सारा प्रवास झाला, तो जॉर्जिओ कोकाली हाही नोकरच होता. कॉर्फू बेटावरचा हा सुलिओट (सुली या डोंगराळ भागातून आलेल्या जमातीचा माणूस) १८५६ पासून १८८३ मध्ये मरेपर्यंत लिअरबरोबर राहिला. हिंदुस्थानातही सामान उचलणे, जेवण रांधणे, गाडी ठरवणे सारे त्यानेच केले, आणि सिलोनमध्ये तो आमांशाने अंथरुणाला खिळला तेव्हा लिअरनेच त्याची शुश्रूषा केली. त्याच्या मृत्यूनंतर लिअर सावरला नाही असे म्हटले तर चूक होणार नाही.

ओला कागद

मी कोल्हापूरचा. पंचवीस वर्षे जलरंगात काम करतो आहे, त्यामुळे इतिहासापेक्षा हाताच्या कामाबद्दल लिहितो.

पावसाळ्यात जलरंगाचे काम करणाऱ्याने पुण्यात अडकून पडणे म्हणजे काय, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. हवेत दमटपणा असला की वॉश वाळत नाही. उन्हाळ्यात दोन मिनिटांत सुकणारा आकाशाचा वॉश अर्धा-अर्धा तास ओला राहतो. त्यावर डोंगराची कड घातली की ती आकाशात पसरते. कागदाची खळ दमटपणाने गेली असेल तर कागद रंग पितो, वर काही उरतच नाही, आणि पुढे त्यावर बुरशीचे तपकिरी ठिपके उमटतात. एका जुलैत मी ठेवणीतले अकरा चांगले कागद असे घालवले आहेत. कपाट भिंतीला लागून ठेवले ही चूक माझीच.

लिअरची पद्धत अशा हवेत उपयोगाची आहे, हे वरचे वर्णन वाचताना लक्षात आले. जागेवर फक्त पेन्सिल आणि शब्द, रंगाला पाणी लावायचे ते कोरड्या दिवसांत, घरात बसून. टाकाची रेषा असल्यामुळे वॉश थोडा इकडेतिकडे गेला तरी डोंगर ढासळत नाही. आमच्याकडे आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ आणि रंकाळ्याच्या परिसरात उजेडाच्या बदलत्या छटा टिपल्या, त्या जागेवर रंगाने टिपल्या. त्या वाटेने जाणाऱ्या आम्हां लोकांना शब्द लिहून ठेवणे म्हणजे थोडी लबाडी वाटते. लिअरच्या कागदांकडे पाहून ते मत बदलावे लागेल असे दिसते.

त्याचा एक कमी मोहक उद्योगही सांगितला पाहिजे. १८६० च्या दशकात कॉर्फूला असताना पैशाची निकड आली, तेव्हा त्याने साठ जलरंगचित्रे एकदम काढायला घेतली. साठ कागद मांडून सर्वांवर रेखाटन, मग सर्वांवर निळा, मग सर्वांवर लाल, अशी रांगेने कामे उरकली. या चित्रांना तो 'जुलमी' म्हणे. मी अशी काही चित्रे छापील पुनर्मुद्रणात पाहिली आहेत. ती नीटनेटकी आहेत आणि त्यांत जीव नाही. गणपतीच्या हंगामात मूर्तीच्या कारखान्यात रंगकाम कसे चालते ते पाहिलेल्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही. त्यावरून त्याला नावे ठेवायला मी तयार नाही. मीही दिवाळीत भेटकार्डे याच रीतीने करतो.

चार्ल्सकाठ

मी बॉस्टनजवळ राहते. लिअरच्या सुमारे ३५०० रेखाचित्रांचा आणि १८५८ पासूनच्या त्याच्या तीस रोजनिशांचा संग्रह हार्वर्डच्या होटन ग्रंथालयात आहे. विसाव्या शतकात त्याची रेखाटने बाजारात स्वस्तात आली, तेव्हा दोन संग्राहकांनी ती जमवली आणि पुढे ती या ग्रंथालयाकडे आली. लिअरच्या हयातीत या कागदांना कोणी चित्रे मानत नसे. तोही त्यांना मोठ्या चित्रांसाठीचा कच्चा माल मानून घरी जपून ठेवी.

मागच्या थंडीत मी त्यांतले काही कागद समोर ठेवून पाहिले. पडद्यावर जे दिसत नाही ते सांगते. सेपिया शाईची रेषा जागोजागी पेन्सिलीच्या रेषेला सोडून जाते, म्हणजे संध्याकाळी टाक फिरवताना त्याने सकाळचा डोंगर सुधारला आहे. रंग फार थोडा आहे. एका कागदावर नदी, पलीकडे ताडांची रांग आणि वर बरीच मोकळी जागा होती. आकाशाला रंगच लावलेला नव्हता, तिथे कागदाचा पिवळटपणाच राहू दिला होता, आणि त्या रिकाम्या आकाशाचा रंग काय होता हे त्याच आकाशात बारीक अक्षरांत लिहिलेले होते. मी तो शब्द बराच वेळ वाचण्याचा प्रयत्न केला, पण हस्ताक्षर लागले नाही. तरी त्या जागी मला आकाश दिसत राहिले.

आडवाट (धागाकर्ता)

चार्ल्सकाठ, या वर्णनाबद्दल मनापासून आभार. मला जे म्हणायचे होते ते आपण त्या न लागलेल्या शब्दात दाखवून दिले.

हिंदुस्थानातला त्याचा प्रवास थोडक्यात लिहून ठेवतो. १८७२ मध्ये तो एकदा निघाला होता, पण सुएझहूनच परत फिरला. दुसऱ्या खेपेस २२ नोव्हेंबर १८७३ रोजी तो मुंबईत उतरला आणि इथल्या माणसांचे पोशाख, गर्दी व झाडे पाहून अक्षरशः हरखून गेला. तिथून लखनौ, काशी, कलकत्ता, दार्जिलिंग, आग्रा, दिल्ली, सिमला, मग पुण्याचा पावसाळा, आणि त्यानंतर दक्षिण व सिलोन. काशीच्या घाटांपुढे त्याला नेपल्स आणि कॉन्स्टँटिनोपल निस्तेज वाटले. ताजमहाल पाहिल्यावर त्याने जगातल्या माणसांची, ताज पाहिलेले आणि न पाहिलेले, अशी दोन भागांत वाटणी करून टाकली. या एका प्रवासात पाचशेहून अधिक रेखाटने झाली. कलकत्त्याचा सरकारी थाट आणि मेजवान्या मात्र त्याला सोसल्या नाहीत. त्या शहराला त्याने धावपळीचे शहर अशा अर्थाचे एक 'बाद'युक्त नाव बहाल केले. गाझियाबाद, हैदराबाद यांच्या रांगेत बसवलेले हे नाव म्हणजे पुन्हा कानावर पडलेल्या शब्दांचीच करामत.

दार्जिलिंगला जानेवारीच्या थंडीत बोटे गोठत असताना त्याने कांचनगंगेची रेखाटने केली आणि इंग्लंडमधल्या आश्रयदात्यांसाठी पुढे त्यांवरून मोठी तैलचित्रे रंगवली. तो डोंगर फार दूरचा, फार देवासारखा आहे, त्याच्याशी जवळीक होत नाही, अशी त्याची तक्रार होती. तैलचित्रांत ही तक्रार खरी वाटते. समोर झाडी, नेच्यांची गर्दी, मध्ये धुके, वर शिखर, सारे बरोबर आणि सारे थोडे जड. रेखाटनांत तेच शिखर दोन रेषांचे आहे आणि त्याच्या अंगावर अक्षरे आहेत. त्याने ज्या तैलचित्रांवर मानाची आशा लावली होती ती फारशी कोणाला आठवत नाहीत, आणि त्याचा कच्चा माल आपण काचेत ठेवून पाहतो. २९ जानेवारी १८८८ रोजी इटलीतल्या सान रेमो येथे तो वारला. त्याचा शेपूटतुटका बोका फॉस आदल्याच वर्षी गेला होता.

ओला कागद

काल रविवारी उघडीप होती म्हणून लिअरची पद्धत करून पाहायला ज्योतिबाच्या वाटेवर जाऊन बसलो. बरोबर रंग मुद्दाम नेले नाहीत. पेन्सिल आणि कागद एवढेच.

रेखाटन वीस मिनिटांत झाले. मग रंग लिहायला बसलो तेव्हा पंचाईत झाली, कारण माझ्या डोक्यात ट्यूबवरची इंग्रजी नावे येत होती आणि ती समोरच्या डोंगराला लागू पडत नव्हती. शेवटी आईच्या लुगड्यांची नावे आठवत गेलो. समोरच्या उसाच्या फडावर 'पोपटी' लिहिले, त्यामागच्या झाडीवर 'शेवाळी', लांबच्या डोंगराच्या पायथ्याशी 'आमसुली', आणि ढगांवर 'पारवा'. ढगांच्या एका बाजूला उजेड शिरत होता तिथे 'अबोली, पण धुतलेली' असे लिहिले. नांगरलेल्या ओल्या शेताचा रंग मात्र 'डाळिंबी' आणि 'तपकिरी' यांच्यामध्ये कुठेतरी होता आणि त्याला शब्द सापडेना; तिथे फक्त वेळ लिहिली, पाच वाजून दहा मिनिटे.

घरी आल्यावर बायकोने कागद पाहून ही कुठल्या दुकानाची यादी आहे असे विचारले. वॉश अजून दिलेला नाही, हवा कोरडी होण्याची वाट पाहतो आहे. त्या शेताच्या रंगाला कोणाकडे शब्द असल्यास कृपया इथे कळवावा.